मांजर राहील, कापूस जाईल

आमच्या घरात दिवाळीपासून होळीपर्यंत पुढची खोली कापसाची असते. माणसांनी मागे सरकायचं. शेतातून वेचून आणलेला कापूस त्या खोलीत ओतत जायचा आणि भाव चढेल या आशेवर आढ्याला टेकेपर्यंत वाढू द्यायचा. जळगावजवळच्या आमच्या असोद्यात अशी घरं अजून गल्लोगल्ली सापडतील. रस्त्याने जाणाऱ्याला उघड्या दारातून तो पांढरा ढीग दिसला पाहिजे, त्यात घराची शान. मुलगी द्यायला आलेला माणूससुद्धा आधी कापूस बघतो आणि मग मुलगा.

त्या कापसाने अंगाला खाज सुटते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मानेवर, दंडांवर, पाठीवर बारीक पुरळ उठतं. त्याची कुणी तक्रार करत नाही. खोबरेल चोळायचं आणि कामाला लागायचं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात मी खाजवून खाजवून हैराण झाले होते, तर सासूबाई म्हणाल्या, लक्ष्मी घरात असली की तेवढं टोचणारच. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं. मीही अक्काच म्हणते.

म्हणून काही वर्षांपूर्वी, संक्रांत होऊन गेल्यावर माझ्या पायांना खाज सुटली, तेव्हा घरात कुणी मान वर करून बघितलं नाही. पण ही खाज वेगळी होती. कापूस मानेला लागतो. हे घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच होतं, एका ओळीत तीन-तीन लाल टिपके, आणि गॅसपुढे उभं राहिलं की नुसती आग. मला कारण कळत होतं. कारण चार पिल्लांना पोटाशी घेऊन कापसाच्या ढिगात झोपलेलं होतं.

ती करडी मांजर त्याच्या दोन वर्षं आधी आपली आपणच आमच्या गोठ्यात आली होती. डाव्या कानाची कड फाटलेली, नजर चोरटी. कापूस साठवणाऱ्या घरात उंदीर असतातच, त्यांना आतली सरकी हवी असते. ही रोज एक-दोन उंदीर मारायची आणि माझ्या पायाशी आणून टाकायची. मी तिला वाटीभर दूध द्यायचे. मी थाळीवर चमचा वाजवला की ती कुठेही असली तरी यायची. अक्कांना ती डोळ्यांसमोर नको असायची. सकाळी आडवी गेली तर अक्का परत आत येऊन पाच मिनिटं बसायच्या, मगच बाहेर पडायच्या.

पण ती व्यायली आणि सगळं उलटं झालं. व्यायल्यावर मांजर आपली वार लगेच खाऊन टाकते. ती माणसाच्या हाताला लागली तर घरात बरकत येते असं आमच्याकडे पक्कं मानतात, आणि लागणं फार अवघड. अक्कांना ती कापसाच्या ढिगाशीच दिसली. तीही लक्ष्मीच्या अंगावर! अक्कांनी हळद-कुंकू वाहिलं, वार वाळवली, लाल फडक्यात बांधली आणि लोखंडी पेटीत ठेवली. मांजरीला त्यांनी स्वतःच्या हाताने साय घातली. आणि सांगून टाकलं की सव्वा महिना त्या कोपऱ्यात झाडू फिरवायचा नाही, बरकत झाडून बाहेर जाते. स्वतःची खाटही त्यांनी ढिगाला लावून टाकली. बरकतीची राखणच म्हणायची ती.

सव्वा महिना! ज्या कोपऱ्यात मांजर व्यायली, जिथे तिचे केस गळतात, पिल्लं घाण करतात, त्या कोपऱ्याला सव्वा महिना झाडू नाही. आता मी तोऱ्यात सांगते आहे, पण खरं सांगायचं तर झाडू मीही उचलला नाही. अक्कांचा धाक होता. आणि थोडी हावही होती, खोटं कशाला बोलू. दोन पोरं शिकायला बाहेर होती. बरकत आली असती तर मला काही नको नव्हती.

पंधरा-वीस दिवसांत पाय चाळणी झाले. तेव्हा मी ह्यांचे पांढरे पायमोजे काढले, गुडघ्यापर्यंत ओढले, नऊवारीतली सासू बघत असताना सहावारी साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचली आणि त्या कोपऱ्यात जाऊन चार मिनिटं उभी राहिले. बाहेर आले तर पांढऱ्या मोज्यांवर मोहरी सांडावी तसे काळे ठिपके, आणि त्यातले काही उड्या मारत होते. एक पकडला, अंगठ्याच्या नखावर घेतला, दुसऱ्या नखाने दाबला. टच आवाज आला. मी अक्कांसमोर नख धरलं आणि सांगितलं की हा कापूस नाही, ह्या पिसवा आहेत.

अक्कांनी कानावर हात ठेवले. आपल्या घरात पिसवा? हा शब्द त्यांना घरात नको होता. त्यांच्या सासूने त्यांना प्लेगच्या गोष्टी सांगितलेल्या. घरात उंदीर पटापट पडायचे, गाव ओस पडायचं आणि लोक शेतात झोपड्या घालून राहायचे. पिसवा म्हटलं की अक्कांना तेच आठवायचं. शेजारीपाजारी कळलं तर कापसाला गिऱ्हाईक मिळणार नाही, हेही होतंच. त्यांनी मला खोबरेलाची बाटली दिली.

ह्यांना मात्र चेव आला. शेतकऱ्याच्या घरात किडा निघाला की माणूस दुसरं काय करणार? गोठ्यातून पाठीवरचा फवारणीचा पंप काढला, बोंडअळीवरच्या औषधाची बाटली काढली, आणि दोन मिनिटांत निकाल लावतो म्हणाले. सगळ्यात आधी त्या मांजरीवरच मारणार होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आदल्याच पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या कुत्र्याने पंप धुतलेलं पाणी चाटलं होतं, आणि तासाभरात त्याचे चारही पाय ताठ झालेले मी डोळ्यांनी बघितले होते. मांजर तर दिवसभर स्वतःचं अंगच चाटते. पिल्लं तिचं चाटतात. आणि लागूनच्याच खोलीत आम्ही जेवायला बसतो.

मी दारात आडवी उभी राहिले. "पंप उंबऱ्याच्या आत आला," मी म्हटलं, "तर मी उंबऱ्याच्या बाहेर."

ते हसले. माझ्या म्हणण्याने काही ते थांबले नाहीत. ते थांबले कारण कापूस ओला होईल म्हणून आतून अक्का ओरडल्या. पंप गोठ्यात परत गेला, झाडूही फिरला नाही, आणि पिसवा होत्या तिथेच सुखाने राहिल्या.

सव्वा महिना संपायला चार दिवस उरले असताना अक्कांना ताप भरला. डोकं फुटतंय म्हणायच्या. डोळे लाल झाले. गावातल्या डॉक्टरने सुई दिली, सलाईन लावली, मलेरिया बघितला, डेंग्यू बघितला, काहीच निघालं नाही. ताप उतरेना. सहाव्या-सातव्या दिवशी पोटावर पुरळ आलं आणि अक्का गेलेल्या सासऱ्यांशी बोलायला लागल्या, त्यांना जेवायला वाढ म्हणून मला सांगायला लागल्या. तेव्हा मात्र आमचं धाबं दणाणलं. गाडी करून त्यांना जळगावच्या दवाखान्यात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होती. माझ्या पोरीच्या वयाची असेल. तिने कागद बघितले, पोट बघितलं, आणि मग अक्कांच्या लुगड्याचा काठ वर करून पाय बघितले. घोट्यांवर त्याच ओळी, तेच टिपके, खाजवून खाजवून खपल्या धरलेले. तिने विचारलं, घरात उंदीर आहेत का, मांजर आहे का, काही चावतं का? हे नाही म्हणायला तोंड उघडत होते. मी त्यांच्या आधी बोलले. कापूस, उंदीर, मांजर, पिल्लं, न झाडलेला कोपरा, सगळं सांगून मोकळी झाले. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर बाजारात घरची अब्रू मांडली.

तिने नीट समजावलं. हा पिसवांमुळे येणारा ताप असावा. पिसू नुसती चावते असं नाही, ती चावते तिथेच घाण करते. आपण खाजवलं की ती घाण जखमेत जाते आणि तिच्यातून रोग अंगात शिरतो. रोग मुळात बहुतेक उंदरांकडून येतो, आणि उंदरांच्या मागे फिरणाऱ्या मांजरीच्या अंगावर पिसवा बसून घरभर होतात. रक्त तपासायला पाठवते, पण त्याची वाट बघत बसणार नाही, गोळ्या आजपासूनच, असं ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी अक्कांचा ताप उतरला. त्यांनी डोळे उघडून चहा मागितला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आमचं कितीही वाकडं असलं तरी ती बाई मला मरायला नको होती.

एवढ्या सगळ्या बोलण्यातून आमच्या माणसांनी एकच शब्द उचलला, तो म्हणजे मांजर. ह्यांनी तो उचलला, नणंदेने फोनवर उचलला, आणि शुद्धीवर आल्या आल्या अक्कांनीही उचलला. उंदीर कुणालाच ऐकू आला नाही. कोपरा ऐकू आला नाही.

पाचव्या दिवशी दीपनगरहून नणंद आली, तिथल्या वीज केंद्राच्या वसाहतीत ती राहते. तिला अक्कांजवळ बसवून मी कपडे आणायला घरी आले. दारातच पिल्लांचा आवाज आला, बारीक, सतत. चारही कापसातून बाहेर पडून उंबऱ्याशी आली होती आणि डोकी वर करून ओरडत होती. थाळी घेतली, चमचा वाजवला. कुणी आलं नाही. गोठ्यात बघितलं, गच्चीवर बघितलं. कापसाच्या रिकाम्या पोत्यांची चवड असते, तिच्यातलं वरचं पोतं नव्हतं. मग मला समजलं.

हे ओट्यावर बसून होते. मांजर कुठे, मी विचारलं. म्हणाले, अक्कांनीच सांगितलं होतं की तिला पाण्यापलीकडे सोडा. मांजर मारणं पाप, म्हणून आमच्याकडे मारत नाहीत. पोत्यात घालतात आणि नदी ओलांडून सोडून येतात. पाणी ओलांडलं की मांजर परत येत नाही असं म्हणतात. ह्यांनी तिला तापी ओलांडून यावलच्या बाजूला एका केळीच्या बागेत सोडलं होतं. दोन दिवस झाले होते. मला दवाखान्यात डबा आणून देत होते ते दोन्ही दिवस, आणि तोंडातून ब्र काढला नव्हता.

आता मला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझा राग कुणाला कळणार नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आमचा बोअर आटला. उभी केळी जळून गेली. सून घरात आली आणि पाणी गेलं, असं अक्का म्हणाल्या. माप ओलांडताना मी लक्ष्मी होते, दीड वर्षात पांढऱ्या पायांची झाले. आठ दिवस राहून ये म्हणून ह्यांनी मला धुळ्याकडे, माझ्या माहेरी नेऊन सोडलं. त्या आठ दिवसांचे आठ महिने झाले. पत्र नाही, फोन नाही, कुणी आणायला आलं नाही. येणारेजाणारे आईला विचारायचे, पोर अजून इथेच का. शेवटी एक दिवस आईनेच डबा बांधला. "तुनं घर शे ते," ती म्हणाली. "जाय."

मी एस.टी.त बसले, जळगावच्या अलीकडचा गिरणेचा पूल ओलांडला आणि संध्याकाळच्या आत दारात येऊन उभी राहिले. कुणी ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. मी पिशवी कोपऱ्यात ठेवली, पदर खोचला आणि मोरीतली भांडी घासायला बसले. त्या आठ महिन्यांबद्दल आमच्या घरात त्यानंतर कुणी कधी एक शब्द काढला नव्हता. मीही काढला नव्हता.

तर ती चार पिल्लं उंबऱ्यावर ओरडत होती आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरकत हवी होती तेव्हा साय, आणि ताप आला तेव्हा पोतं! हे मला माहीत होतं. माझ्याइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला तेव्हा बस तरी मिळाली होती. तिला कुठली बस मिळणार होती?

"ज्या हातांनी सोडली त्याच हातांनी गाडी काढा," मी म्हटलं. "मला ती जागा दाखवा."

डोकं फिरलंय का म्हणाले. आई दवाखान्यात आणि ही मांजर शोधायला निघाली, लोक तोंडात शेण घालतील म्हणाले. मी म्हटलं, घालू देत. दुधाची बाटली घेतली, तिची थाळी घेतली, चमचा घेतला, केळी भरायचं एक पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, त्याला सुरीने भोकं पाडली, आणि मोटारसायकलवर मागे बसून राहिले. गाडी सुरू होईपर्यंत उतरले नाही. दहा मिनिटं बसले असेन. शेवटी त्यांनी किक मारली.

केळीची बाग म्हणजे एकसारख्या खांबांचं रान, सगळ्या ओळी सारख्या. त्यात मांजर कुठे शोधायची? कापणी चालू होती. मजूर बायका बांधावर भाकरी खात बसल्या होत्या. एकीला विचारलं तर ती हसून म्हणाली, दोन दिवसांपासून एक करडी मांजर आमच्या भाकरीच्या फडक्यांना नाक लावते आहे, हाकलली तरी पंपाच्या खोलीमागे जाऊन बसते. मी तिकडे गेले आणि चमचा वाजवायला लागले. ट्रकवाला बघत होता, घड वाहणारी माणसं थांबून बघत होती, हे चार ओळी मागे, जणू आमची ओळखच नाही असे उभे होते. मी वाजवत राहिले. वाळक्या पानांच्या ढिगातून तो फाटका कान आधी वर आला.

दोन दिवसांत तिचं पोट खपाटीला गेलं होतं. दूध प्यायली, पण खोक्यात घालताना तिने माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला. बरोबरच होतं तिचं. माणसांनी एकदा पोत्यात घातल्यावर खोकं आणि पोतं यातला फरक तिला कसा कळणार? मी हात साबणाने धुतला आणि ह्यांना सांगितलं की घरी नाही, आधी जनावरांच्या दवाखान्यात.

तिथले डॉक्टर म्हशी-बैलांची सवय असलेले, थोडे हसलेच. पण माणूस जाणकार होता. त्यांनी तिच्या शेपटीजवळचे केस फिरवून आतले काळे कण दाखवले. ते कण ओल्या कापसाच्या बोळ्यावर घेतले. बघता बघता बोळा तांबूस झाला. हे तुमच्या मांजरीचं रक्त, पिसवांनी पिऊन बाहेर टाकलेलं, असं ते म्हणाले. पांढऱ्या कापसावरचा तो डाग ह्यांनी वाकून बघितला.

डॉक्टरांनी सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवतं. मांजरीच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच, खरी फौज घरात असते. अंडी गळून फटींमध्ये पडतात, त्यांच्या अळ्या होतात, अळ्यांचे कोष होतात, आणि हे सगळं जिथे झाडू, पाणी आणि ऊन पोचत नाही तिथे. मांजरीच्या मानेवर त्यांनी औषधाचे थेंब सोडले आणि बजावलं की कुत्र्याचं औषध तिला कधी घालायचं नाही, त्याने मांजर मरते, आणि शेतातलं तर दाखवायचंही नाही. लहान पिल्लांना थेंब नकोत, बारीक दातांचा कंगवा फिरवायचा आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. शेपटीखाली भाताच्या शितासारखं काही चिकटलेलं दिसलं तर जंत, पिसू गिळल्यानेच होतात, त्याची गोळी दिली. हे एका दिवसाचं काम नाही, दोन-तीन महिने चिकाटी ठेवा, असंही ते म्हणाले.

घरी आलो. दारातून तो ढीग दिसत होता. ह्यांनी विचारलं, मग आता काय करायचं?

"मांजर राहील," मी म्हटलं. "कापूस जाईल."

त्यानंतर जे झालं ते आळीने फुकटात बघितलं. हे ओरडले. महिनाभरात भाव चढणार आहे, अक्कांना विचारलं का, तू कोण सांगणार, बापजाद्यांपासून इथे कापूस पडतो, सगळं बोलून झालं. मी वाद घातला नाही. पायमोजे चढवले, जुनी चादर अंथरली, कवेत मावेल तेवढा कापूस तिच्यात घातला, गाठ मारली आणि अंगणात उन्हात नेऊन ओतला. परत आले, दुसरी भरली. मांजर आणि पिल्लं खोक्यात बसून बघत होती. शेजारणी ओट्यावर आल्या. तिसऱ्या गाठोड्याला ह्यांनी मुकाट्याने चादरीचं दुसरं टोक धरलं. पटलं म्हणून नव्हे. बायको कापूस उपसतेय आणि नवरा उभा आहे, हे गावाला दिसत होतं म्हणून.

दोन दिवसांनी कापूस गाडीत भरून गेला. होळीच्या आधी आमची पुढची खोली रिकामी झाली, माझ्या संसारात पहिल्यांदा. ढिगाखाली काय काय निघालं! उंदरांची बिळं, कुरतडलेली सरकी, केसांचे पुंजके, आणि फरशीच्या फटींत वळवळणाऱ्या पांढुरक्या अळ्या. शिवाय नणंदेला फोन केला, तिच्याकडे धूळ ओढायचं मशीन होतं. तिने आधी नाक मुरडलं, पण आईच्या खाटेजवळच्या फटीत काय निघालं ते मी सांगितलं तशी रिक्षात घालून घेऊन आली. आमच्या आळीत ते मशीन कुणी बघितलं नव्हतं. त्याची पिशवी प्रत्येक वेळी अंगणात नेऊन जाळली. बिळं बुजवली, फटींत सिमेंट भरलं. गोधड्या उकळत्या पाण्यात घातल्या, खाट उन्हात उभी केली. फागुनातलं आमच्याकडचं ऊन असतं, त्याने आपलं काम चोख केलं.

बाराव्या दिवशी मोज्यांवर पुन्हा ठिपके दिसले. झालं समाधान, असं हे म्हणाले, आणि पंपाकडे बघितलं. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं, हे कोषातले आहेत, आता बाहेर पडताहेत. पुन्हा झाडलं, पुन्हा ओढलं, पुन्हा धुतलं. एक दिवसाआड मोजे घालून खोलीभर फिरायचे. पांढरे मोजे आणि वर साडी, पोरंसोरं दारातून डोकावून फिदीफिदी हसायची. मी त्यांच्यासमोर आणखी एक फेरी मारायचे.

अक्का घरी आल्या तेव्हा त्यांनी रिकाम्या खोलीकडे बघितलं. पेटी उघडून लाल फडकं जागेवर आहे का ते तेवढं चाचपलं. नणंद मला हळूच म्हणाली, आता तरी ती मांजर काढ ना, आई घाबरते. मी अक्कांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की वार पेटीत ठेवायची असेल तर मांजर घरात ठेवायची. दोन्ही किंवा एकही नाही. पेटी बंद झाली. मांजरीबद्दल मग कुणी विषय काढला नाही.

एप्रिल उजाडला. दुपारी ओट्यावर सावली असते. मी रोज जेवणं झाली की तिथे बसायचे, समोर साबणाच्या पाण्याची थाळी, मांडीवर मांजर, हातात कंगवा. तिला आता आवडायला लागलं होतं. पिल्लं मोठी झाली होती, दोन शेजारच्यांनी मागून नेली, उंदरांसाठी. त्या दिवशी शेपटीपासून मानेपर्यंत सगळा कंगवा फिरवून झाला आणि थाळीतलं पाणी स्वच्छ राहिलं, एकही काळा ठिपका नाही. अक्का खाटेवर बसून बघत होत्या. माझ्या हातावरचे ओरखडे अजून पुसट दिसत होते, त्यांच्याकडे बघत होत्या.

"तूच गेली व्हती का तिले आनाले?" त्यांनी विचारलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि माझ्या तोंडून ऐकायचं होतं, मला माहीत नाही.

मी हो म्हटलं.

मांजर घुरघुरत होती. मग त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "तवा तुले आनाले बी कोनी याले पाहिजे व्हतं."

माझा हात थांबला. इतक्या वर्षांत त्या आठ महिन्यांचं नाव पहिल्यांदा घरात निघालं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून निघालं होतं. जाऊ द्या अक्का, झालं गेलं, असं म्हणायची रीत असते. ते माझ्या ओठांवरही आलं नाही. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "यायला पाहिजे होतं."

अक्कांनी मान हलवली. मग खाटेवरून वाकून त्यांनी ती पाण्याची थाळी माझ्या हाताला येईल इतकी जवळ सरकवली. मी कंगवा तिच्यात बुडवला आणि मांजरीला दुसऱ्या कुशीवर वळवलं.